सरळ रेषेची परीक्षा

‘परीक्षा’ हा शब्द आमच्या घरोघरीं इतका झिजला आहे कीं, त्याच्या मूळ अर्थाकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. परि म्हणजे सर्व बाजूंनीं, आणि ईक्ष् म्हणजे पाहणें. जिच्या योगानें वस्तु चहूंकडून दिसते ती परीक्षा. सोनार सोनें कसोटीवर घासतो, वैद्य नाडी धरतो, जवाहिऱ्या हिरा उजेडांत फिरवून पाहतो. या सर्व परीक्षाच होत. मुलगा शाळेंतून घरीं आला कीं आजोबांपासून धाकट्या काकांपर्यंत सारी मंडळी त्यास एकच प्रश्न विचारतात : “किती मार्क पडले?” या प्रश्नांत पाहणें मुळींच नसतें, दुसऱ्या कोणीं पाहून लिहून दिलेला आंकडा ऐकणें, एवढेंच असतें.

आज आम्हीं या विस्तृत विषयाचा एक लहानसा भाग हातीं घेतला आहे. सातवी, आठवी व नववी या इयत्तांत मुलांस गणितांतील एक मोठा उंबरठा ओलांडावा लागतो. तो रेषीय संबंधाचा. मुलानें तो खरोखर ओलांडला आहे, कीं तें उंबऱ्यावर उभें राहून नुसतें आंत डोकावत आहे, हें ओळखावें कसें, हा आमचा प्रश्न आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गांवांतील मुलें संध्याकाळीं वह्या घेऊन आमच्याकडे येत असतात. त्यांच्याशीं बोलतांना जें दिसलें तें येथें मांडतों.

ज्या वाचकांस शाळा सोडून पुष्कळ वर्षें झालीं, त्यांच्यासाठीं प्रथम या संबंधाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. समजा, इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. सकाळीं नळ आला तेव्हां तींत २०० लिटर पाणी शिल्लक होतें, आणि नळांतून दर मिनिटास १५ लिटर पाणी पडतें. म्हणजे दहा मिनिटांनीं टाकींत ३५० लिटर, वीस मिनिटांनीं ५०० लिटर पाणी होईल. यांत दोन संख्या मुख्य आहेत : एक मूळची शिल्लक, दुसरी दर मिनिटाची वाढ. मिनिटांस क्ष व पाण्यास य म्हटलें म्हणजे य = १५क्ष + २०० असें समीकरण होतें, आणि तें आलेखपत्रावर मांडलें म्हणजे सरळ रेषा मिळते. वाढ रेषेच्या चढावरून कळते, आणि शिल्लक, रेषा उभ्या अक्षास जेथें छेदते तेथें कळते. एका राशीच्या प्रत्येक किमतीस दुसरीची एकच किंमत ठरवून देणाऱ्या नियमास गणितांत फलन म्हणतात. त्यांतील ज्याचा आलेख सरळ रेषा असतो तें रेषीय फलन. बालभारतीनें २०१७ व २०१८ सालीं काढलेल्या पुस्तकांत मूल येथवर तीन पायऱ्यांनीं येतें : सातवींत सम व व्यस्त प्रमाण, आठवींत चलन, नववींत दोन चलांतील रेषीय समीकरणें.

या पायऱ्यांतच एक गोम आहे. सम प्रमाणांत शिल्लक नेहमीं शून्य असते. एका वहीस ४० रुपये, तर पांच वह्यांस २००. वही घेतली नाहीं तर द्यावयाचें कांहींच नाहीं. अशी रेषा आरंभबिंदूंतूनच निघते. दोन वर्षें मूल याच जातीचीं उदाहरणें सोडवितें आणि त्याच्या मनाची घडी अशी बसते कीं, एक राशि दुप्पट झाली कीं दुसरी दुप्पट व्हावयाचीच. पुढें नववींत शिल्लक असलेली रेषा येते, तेव्हां मूल सूत्र पाठ करतें, परंतु मनांतील जुनी घडी मोडत नाहीं. टाकीचें उदाहरण सांगून, “दहा मिनिटांनीं ३५० लिटर, तर वीस मिनिटांनीं किती?” असें आम्ही विचारतों. चांगले मार्क मिळविणारीं मुलेंहि क्षणाचा विलंब न लावतां “सातशें” म्हणतात. मूळचे २०० लिटर दुप्पट झाले कसे, हा विचार त्यांच्या मनास शिवत नाहीं.

ही जुनी घडी वाईट आहे असें मात्र कोणीं समजूं नये. ती आपल्या परंपरेचें मोठें धन आहे. तिचें शास्त्रीय नांव त्रैराशिक. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशि. फलास इच्छेनें गुणावें व प्रमाणानें भागावें, कीं इच्छाफल मिळतें. आर्यभटानें शके ४२१ मध्यें ही रीति सांगितली आहे. अंबरनाथाच्या शिवालयांतील शिलालेखांत शके ९८२ चा निर्देश आहे. त्यानंतर ९० वर्षांनीं, शके १०७२ मध्यें, भास्कराचार्यांची लीलावती सिद्ध झाली. परमेश्वरानें जसें विश्व व्यापलें आहे तसें त्रैराशिकानें सर्व गणित व्यापलें आहे, असा गौरव आचार्यांनीं या रीतीचा केला आहे. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें त्यांचे नातू चांगदेव यांनीं आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. शके ११२८ चा निर्देश असलेला तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला. हें सर्व आमच्या मराठी मुलुखांतील आहे, आणि त्याचा अभिमान बाळगणें योग्यच आहे.

तथापि अभिमान बाळगतांना आचार्यांनीं याच प्रकरणांत पुढें काय केलें, तेंहि पाहावें. रीति सांगून ते थांबले नाहींत. ती उलटी कोठें होते, हेंहि त्यांनीं सांगितलें. प्राण्यांचें वय व त्यांची किंमत, सोन्याचा कस व वजन, लहान-मोठ्या मापांनीं धान्याची रास मोजणें, अशा ठिकाणीं व्यस्त त्रैराशिक लावावें, असा त्यांचा स्पष्ट निर्देश आहे. म्हणजे रीति येणें हा विद्येचा अर्धा भाग, आणि ती कोठें लागू पडते व कोठें पडत नाहीं हें कळणें हा उरलेला अर्धा भाग. आमच्या हल्लींच्या प्रश्नपत्रिका पहिल्या अर्ध्याचीच परीक्षा घेतात; दुसरा अर्धा कोणी विचारतच नाहीं.

प्रश्न नीट निवडला नाहीं तर परीक्षक कसा फसतो, याचें एक मौजेचें उदाहरण रिक्षाच्या भाड्याचें आहे. मुंबई महानगर प्रदेशांत १ फेब्रुवारी २०२५ पासून जो दर लागू झाला, त्यांत पहिल्या दीड किलोमीटरास किमान भाडें २६ रुपये आणि पुढें दर किलोमीटरास १७ रुपये १४ पैसे आहे. आमच्या गांवांत मीटरपेक्षां शेअर रिक्षाचीच वहिवाट अधिक. परंतु दरपत्रक मुलांस ठाऊक असतें. आतां विचारा : तीन किलोमीटरांस किती? ज्या मुलास दर समजला तें २६ मध्यें दीड किलोमीटराचे २५ रुपये ७१ पैसे मिळवून ५१ रुपये ७१ पैसे, म्हणजे सुमारें ५२ रुपये सांगेल. ज्यास समजला नाहीं तें दिडाचे सव्वीस तर तिहींचे बावन, असें त्रैराशिक मांडील. दोघांचें उत्तर एकच! दोघांसहि पूर्ण गुण! आतां प्रश्न थोडा बदला : एक किलोमीटरास किती? पहिलें मूल २६ म्हणेल. दुसरें १७ रुपये ३३ पैसे काढील, आणि एवढ्या पैशांत रिक्षावाला त्यास बसवून घेईल कीं काय, याचा विचारहि करणार नाहीं. ज्या प्रश्नास खरी समज व खोटी समज एकच उत्तर देतात, तो प्रश्न परीक्षेच्या कामाचा नाहीं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीं एवढें एक सूत्र पाळलें तरी पुष्कळ साधेल.

ही भ्रांति आमच्याच मुलांस होते असेंहि नाहीं. अमेरिकेंत १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लेखांत ३३ भावी शिक्षकांस विचारलेला प्रश्न दिला आहे. दोघी मुली सारख्याच वेगानें मैदानाभोंवतीं धांवत आहेत. पहिलीनें आधीं आरंभ केला. तिच्या ९ फेऱ्या झाल्या तेव्हां दुसरीच्या ३ झाल्या होत्या. दुसरीच्या १५ होतील तेव्हां पहिलीच्या किती होतील? वेग सारखा असल्यामुळें सहा फेऱ्यांचें अंतर कायम राहणार, उत्तर २१. परंतु ३३ पैकीं ३२ जणांनीं प्रमाण मांडून तो सोडविला. बेल्जममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं २००७ सालीं या भ्रांतीवर एक संपूर्ण ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रश्नांतील शेतकऱ्यास २०० मीटर बाजूच्या चौरस शेतांत खत घालण्यास ८ तास लागतात. ६०० मीटर बाजूच्या शेतास किती लागतील? बाजू तिप्पट म्हणून वेळ तिप्पट, २४ तास, असें बहुतेक मुलें म्हणतात. शेत नऊपट होतें आणि तास ७२ लागतात, हें आकृति काढून पाहणारास तेव्हांच कळतें.

बदलापूरकरांस याहून जवळचें उदाहरण देतां येईल. उल्हास नदीचें पाणी दोन तासांत एक मीटर चढलें, तर दहा तासांत किती चढेल? मुलें “पांच मीटर” म्हणतात. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनीं पाहिला, किंवा २७ जुलै २०१९ रोजीं वांगणीजवळ पाण्यांत अडकून पडलेली महालक्ष्मी एक्सप्रेस ज्यांच्या स्मरणांत आहे, ते सांगतील कीं नदी त्रैराशिकानें चढत नाहीं. पाऊस कोठें किती पडतो, पात्र किती रुंद आहे, यावर तें अवलंबून. अशा प्रश्नास “एवढ्यावरून सांगतां येत नाहीं” हेंच योग्य उत्तर होय, आणि जें मूल धीटपणें तें देतें त्यास आम्ही सर्वांत अधिक गुण देऊं. ज्या परीक्षेंत असा एकहि प्रश्न नसतो, ती परीक्षा मुलास नकळत शिकविते कीं जगांतील सर्व वाढ सरळ रेषेनेंच होते.

आतां आलेखाविषयीं. नववींतील एक मुलगी आमच्याकडे आली होती. सुशिक्षित घरांतील, अक्षर मोत्यासारखें, चाचणींत वीसपैकीं वीस गुण. य = २क्ष + ३ या समीकरणाचा आलेख तिनें पट्टीनें इतका सुबक काढला कीं पाहत राहावें. आम्हीं विचारलें, “क्ष एकानें वाढला तर य कितीनें वाढेल?” ती म्हणाली, “आधीं क्षची किंमत सांगा ना, गुरुजी, म्हणजे काढून सांगतें.” क्ष कोठेंहि असो, य दोनानेंच वाढणार, आणि रेषा सरळ आहे याचा अर्थच हा, हें तिला कोणीं विचारलेंच नव्हतें. बिंदु काढणें व जोडणें ही हातची कारागिरी तिला उत्तम साधली होती, आणि वीसपैकीं वीस गुण त्या कारागिरीचे होते. पुढें आठ दिवस आम्हीं तिला एकहि आलेख काढूं दिला नाहीं. काढलेले वाचावयास दिले.

वाचतांना दुसरीच एक अडचण उघडी होते. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीचा आलेख घ्या : आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर कल्याणपासूनचें अंतर. गाडी अंबरनाथास थांबली तेवढा वेळ रेषा आडवी राहते. पुढें बदलापूरपर्यंतच्या सुमारें आठ किलोमीटरांत ती पुन्हा चढते. एका मुलास विचारलें, “येथें आडव्या रेषेवर गाडी काय करीत आहे?” तो म्हणाला, “सपाट जागेवरून चालली आहे.” “आणि या चढत्या रेषेवर?” “घाट चढते आहे.” बदलापूरच्या अलीकडे घाट कोठला? परंतु त्यानें आलेख चित्रासारखा पाहिला, आणि चित्रांत चढण म्हणजे डोंगरच असावयाचा. आगगाड्यांचें वेळापत्रक अशा रेषांनीं मांडण्याची पद्धति एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें प्रसिद्ध झाली. तींत रेषा जितकी उभी तितकी गाडी वेगवान, आणि दोन रेषा जेथें छेदतात तेथें दोन गाड्यांची गांठ. आमच्या रोजच्या प्रवासाचा हा नकाशा मुलांपुढें ठेवून प्रश्न विचारावे. समज आहे कीं नाहीं, हें पांच मिनिटांत कळतें.

आतां ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहावा असें वाटलें ती सांगतों. उल्हासनगरांतील एक मुलगा, आठवीच्या शेवटास आलेला, एका शेजाऱ्यानें आमच्याकडे आणून सोडला. वडील जीन्स शिवण्याच्या कारखान्यांत नगावर काम करतात. मुलास गणितांत वीसपैकीं सहा गुण. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याची सक्ति चौदा वर्षांपर्यंतची, आणि शाळेची मजल आठवीपर्यंतची. पुढें शिकवावें कीं नाहीं, हा घरच्यांच्या विचाराचा भाग. वडिलांचा विचार ठरत आला होता : डोकें चालत नाहीं, तर मशीनवर बसूं द्यावा.

आम्हीं वही बाजूला ठेविली आणि त्यास त्याच्याच घरांतील प्रश्न घातला. एक कारखानदार नगास १२ रुपये देतो, परंतु मशीनचें भाडें म्हणून रोज ६० रुपये कापून घेतो. दुसरा नगास ९ रुपये देतो, कापीत कांहीं नाहीं. काम कोणाकडे करावें? मुलगा थोडा वेळ छताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “पहिल्याकडे साठ रुपये आधीच बुडालेले. मग एका नगाला तीन रुपये जास्त, म्हणजे तीन-तीन करत वर यायचं. वीस नग झाले की बरोबरी. वीसच्या आत होणार असतील तर दुसरा बरा, वीसच्या वर पहिला.”

वाचकहो, यांत काय उरलें? मूळची शिल्लक, तीहि ऋण, दोन चढ, त्यांतील फरक, छेदनबिंदु, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस काय होतें याचा निवाडा. कागदावर लिहावयाचें तर य = १२क्ष − ६० आणि य = ९क्ष. हीं दोन समीकरणें आम्हीं त्याच्या उत्तराखालीं लिहिलीं आणि “हें तूं आतां बोललास तेंच आहे” असें सांगितलें. त्यानें बोट ठेवून विचारलें, “हा उणे साठ म्हणजे ते मशीनचं भाडं?” त्या दिवशीं त्याचा व क्ष-यचा पहिला खरा परिचय झाला. वडिलांस आम्हीं बोलावून घेतलें आणि मुलाचें उत्तर त्याच्याच तोंडून त्यांस ऐकविलें. ते स्वतः रोज हाच हिशेब मनांत करीत होते. त्यामुळें त्याचें मोल त्यांस आम्हीं समजावून सांगावें लागलें नाहीं. मुलगा हल्लीं नववींत आहे. मार्क अजून बेताचेच आहेत, आणि दहावीनंतर काय, याची खात्री कोणीं द्यावी? परंतु डोकें चालत नाहीं हा शिक्का पुसला गेला, आणि तो सहा गुणांच्या आंकड्यानें बसला होता, हें विसरतां येत नाहीं.

असलाच प्रश्न आमच्या पूर्वजांनींहि घातला आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत अव्यक्त राशीस यावत्तावत् म्हणतात व ती ‘या’ या अक्षरानें लिहितात. व्यक्त संख्येस रूप म्हणतात व ती ‘रू’ या अक्षरानें दाखवितात. त्यांतील एका उदाहरणांत एकाजवळ ३०० रूपें व सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे दहा घोडे आहेत, परंतु त्यास १०० रूपें कर्ज आहे. दोघांचें धन समान, तर घोड्याची किंमत काय? उत्तर १००, दोघांचेंहि धन ९००. उल्हासनगरच्या मुलाचा व आचार्यांचा प्रश्न एकाच जातीचा आहे. घरांतील मुलांस हें उदाहरण घालावें आणि उत्तर मिळाल्यावर न थांबतां पुढें विचारावें : घोडा ५० ला मिळत असता तर श्रीमंत कोण? पहिल्याचे ६००, दुसऱ्याचे ४००. आणि १५० ला असता तर? पहिल्याचे १२००, दुसऱ्याचे १४००. कर्जदार मनुष्य पुढें कां गेला, हें मुलानें आपल्या शब्दांत सांगितलें म्हणजे दोन रेषांचा छेद त्यास कळला असें समजावें.

शिक्षकांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. साठ मुलांच्या वर्गांत प्रत्येकास जवळ बसवून बोलणें सोपें नाहीं, आणि पट्टीनें काढलेला आलेख तपासावयास अर्धें मिनिट पुरतें. महाराष्ट्र शासनानें २०१० सालीं जी सातत्यपूर्ण मूल्यमापनाची पद्धति आणली, तींत तोंडी कामास जागा आहे. ती जागा रकाना भरण्यापुरती न वापरतां मुलाशीं बोलण्यास वापरावी, एवढीच आमची विनंति आहे. आणि शाळेंत जें साधत नाहीं तें एकत्र कुटुंबांत सहज साधतें. जेथें आजी पापडांचा हिशेब करते, काका विजेचें बिल भरतात आणि आत्या सोसायटीच्या टाकीची चौकशी करते, तेथें रेषीय संबंध दिवसांतून दहा वेळां घरांत येऊन जातो. विजेच्या बिलांत तर एकहि युनिट न जाळतां द्यावा लागणारा स्थिर आकार असतो, आणि युनिटें वाढलीं कीं दरहि बदलतो; म्हणजे शिल्लकहि तेथें आहे आणि मोडलेली रेषाहि.

म्हणून मार्कांच्या प्रश्नाऐवजीं घरच्या वडील मंडळींनीं चार प्रश्न विचारावे. आरंभीं किती होतें? एक पाऊल पुढें गेलें कीं कितीनें वाढतें, आणि तें सर्वत्र तितकेंच कां? ही रीति कोठें चालणार नाहीं? आणि या समीकरणाची एखादी गोष्ट सांगतां येईल काय? एकच संबंध शब्दांत, कोष्टकांत, समीकरणांत आणि रेषेंत असा चार अंगांनीं दिसतो. ज्या मुलास एका अंगावरून दुसऱ्यावर जातां येतें, त्यास तो समजला. चहूंकडून पाहणें हा परीक्षा शब्दाचा जुना अर्थ येथें अक्षरशः लागू पडतो. त्यास वेळ लागतो, परंतु तो वेळ संध्याकाळीं दिवेलागणीनंतर प्रत्येक घरांत असतो.